नाणी पडायची थांबली

अ-थो... जे... ये...

टेबलावरचा स्पीकर खरखरला आणि गप्प झाला. पाच वाजून चार मिनिटं. मग कुठूनतरी: टक टक.

"ऐकलंत?" लियाओ म्हणाला. "महिना उलटला, हेच चाललंय. सकाळी आठ, संध्याकाळी पाच. हे टेबल चुआंगचं. चाळीस दिवसांपूर्वी गेला तो. आणि अ-थो नावाचं इथे कुणीच नाही."

लियाओ हा ताइनानमधल्या त्या छोट्या कार्टून-डबिंग स्टुडिओचा मालक. त्याने बोलावलेल्या त्सेंगबाई पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, आता खाजगी तपास करायच्या. सोबत रुआन, निवृत्त पोस्टमन. रुआनच्या मानेवर काटा आला होता, म्हणून तो कॉलर नीट करत बसला होता.

"ते ठोकणं?" बाईंनी विचारलं.

"गुरुवारपासून. चुआंग 'हो' म्हणायचा नाही कधी, टेबलावर दोनदा ठोकायचा. त्याआधी नाणी पडायची. दोन, फरशीवर. कधी एकदा, कधी चार-चारदा. आता नाणी बंद."

"रेकॉर्डिंग असणार," रुआन म्हणाला.

"मीही तेच म्हणतो." लियाओने शेजारच्या टेबलाकडे हनुवटी उडवली. "ही पेई-रोंग. पावलं, दारं, मोडणारी हाडं, सगळे आवाज हिच्या हातचे. मी स्पीकरची वायर काढली, हिने परत लावली. उद्या सकाळी हिच्या हातात नारळ."

पेई-रोंग मान खाली घालून बसली होती. बोटं टेबलावर, दोन सांधे लाल.

"वायर का लावलीस, पोरी?" बाईंनी विचारलं.

"काम होतं."

"खोटं बोलतेस."

"असेन."

अ... ...

(आवाज नाही. नुसती खरखर.)

फडताळावर सर्व्हर गुरगुरत होता. त्याच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट.

"हा बंद करून पाहिलात?" बाई म्हणाल्या.

लियाओ दचकला. "यंत्रं रुसू नयेत म्हणून आमच्याकडे त्यांच्यावर हे पाकीट ठेवतात. ठेवल्यापासून चार महिन्यांत हा एकदाही रुसलेला नाही. शहाण्यासारखं चालणाऱ्याला कोण हात लावेल?"

"आवाजाची साधनं?"

"तपासली. कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. माझ्या खात्यातून यादी उघडली. स्पीकर आणि माइक, बस. बाहेरून काही येत नाही."

"चुआंग कुठे वारला?"

"घरी. कामावर असतानाच, खुर्चीत. आई थकलेली, म्हणून सहा महिने घरूनच काम करायचा. या माइकमधून आमचं ऐकायचा आणि या स्पीकरमधून आम्हाला झापायचा." लियाओ कसनुसं हसला. "शांतता असायची का कधी."

रुआनला वाटलं, आत्ता कुणीतरी ऐकतंय. त्याने माइककडे पाठ केली.

... थो...

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ. बाईंनी खुर्च्या ओढून घेतल्या.

"रुआन, रेकॉर्डिंगमध्ये नाणी रोज सारखीच पडली असती. कधी एकदा, कधी चारदा, म्हणजे कुणीतरी खरंच टाकतंय. दिवसातून दोनदा, जेवणाच्या वेळी. लियाओसाहेब, तुमच्या घरी कधी कुणी वारलं नाही वाटतं?"

"नाही."

"माणूस वारला की एकोणपन्नास दिवस त्याला सकाळ-संध्याकाळ ताट वाढतात. घरातल्या नावाने हाक मारतात. मग दोन नाणी टाकून विचारतात, जेवलास का? एक छाप, एक काटा म्हणजे 'हो'. तसं पडेपर्यंत टाकत राहतात."

लियाओने स्पीकरकडे पाहिलं.

"अ-थो हे चुआंगचं घरातलं नाव. त्याचा घरचा कॉम्प्युटर आईने बंद केलेला नाही. घरून इथला कॉम्प्युटर चालवायचा रिमोट डेस्कटॉप जोडलेला तसाच राहिला. तिकडच्या माइकचा आवाज इथल्या स्पीकरला, इकडचा तिकडे. इंटरनेटवरून येतो, म्हणून तुटतो."

"पण यादीत..."

"यादी तुमच्या खात्याची. लिनक्समध्ये प्रत्येक खात्याचा आवाज वेगळा सांभाळला जातो. तुम्हाला तुमचीच साधनं दिसली. सर्व्हर एकदा बंद केला असता तर सगळं तुटलं असतं, पण पाकिटाने तुम्हाला अडवलं. पेई-रोंग, कोण कोण जोडलंय ते दाखव."

तिने कळ दाबली. पडद्यावर ओळ उमटली: *चुआंग. एकेचाळीस दिवस.*

"आणि ठोकणं?" रुआनने विचारलं.

"नाणी कधी थांबतात? उत्तर मिळाल्यावर. दोन ठोके म्हणजे चुआंगचं 'हो', हे आईलाही ठाऊक." बाईंनी पेई-रोंगची बोटं पाहिली. "सांधे लाल झालेत."

"मी चुआंगच्या आईला भेटायला घरी गेले होते," पेई-रोंग म्हणाली. "काकू नाणी वेचायला वाकायच्या. गुडघे गेलेत त्यांचे. गुरुवारी नऊदा पडली. मला ऐकवेना."

"मला सांगायचंस की," लियाओ म्हणाला.

"तुम्ही तोडलं असतंत."

"म्हातारीला फसवतेस तू."

"हो. अजून आठ दिवस."

"नवव्या दिवशी मी जाऊन सगळं सांगेन त्यांना," बाई म्हणाल्या. "ही पण येईल."

लियाओने खिशातून लिफाफा काढून माइकखाली ठेवला. पेई-रोंगला काढल्याचं पत्र तयार होतं. आठ वाजून तीन मिनिटं.

अ-थो... जेवायला... ये...

पेई-रोंगने ठोकायला हात उचलला आणि लिफाफ्याकडे पाहून अर्ध्यात थांबवला. खरखर लांबली. पलीकडे काहीतरी फरशीवर खणखणलं. मग म्हातारा श्वास, वाकतानाचा.

लियाओने लिफाफा माइकखालून बाजूला सारला, मूठ वळली आणि टेबलावर दोनदा ठोकलं.