खुर्चीवरचा कोट

दार लोटून घ्या रे. आणि छोटे, तू तो मोबाईल खाली ठेव. सोमवारी मोठ्या वकिली फर्ममध्ये रुजू होणार ना? मग ही गोष्ट तुझ्यासाठीच. माझ्या मित्राच्या मुलाची आहे. उंचीमुळे आम्ही त्याला लंबू म्हणतो. थापा मारणाऱ्यातला नाही तो.

लंबू अशाच एका फर्ममध्ये ज्युनिअर होता. काचेची बिल्डिंग, अकरावा मजला, पगार असा की आईबापांची मान ताठ. पण तिथला एक रिवाज होता. साहेबांच्या केबिनमधला दिवा विझेपर्यंत ज्युनिअरनं उठायचं नाही. काम असो वा नसो. पोरंही काही कमी नव्हती म्हणा. खुर्चीच्या पाठीला कोट अडकवायचा, टेबललॅम्प चालू ठेवायचा आणि मागच्या जिन्यानं पसार व्हायचं. केबिनच्या काचेतून साहेबांना नुसती पाठ दिसायची. पाठ दिसली की साहेब खूश.

मार्चचा शेवटचा गुरुवार. रात्रीचे पावणेबारा. सकाळी लंबूच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. ते एवढंच म्हणाले होते, "आत नेण्याआधी एकदा येऊन जा रे." आईचे फोनवर फोन येत होते. शेवटी लंबू केबिनमध्ये गेला.

"सर, बाबांचं ऑपरेशन..."

"करार सकाळी क्लायंटकडे गेला पाहिजे," साहेब मानही वर न करता म्हणाले. "तो संपव आणि खुशाल जा."

करार हा एवढा जाडजूड. संपेपर्यंत उजाडलं असतं.

कोट अडकवून निघावं, तर कोट कुठाय? बाबांना भरती करायच्या धावपळीत हॉस्पिटलातच राहिला होता. खुंटीवर मात्र एक लटकत होता. कोणाचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आधीच्या एका ज्युनिअरचा. तो बिचारा काम करता करता खुर्चीतच गेला. साहेबांना रात्रभर पाठ दिसत होती. सकाळी हाक मारली, तेव्हा कळलं. कोणीतरी कोट खुंटीला लावला आणि पुन्हा त्याला कोणी शिवलं नाही.

शेजारच्या टेबलावरची मुलगी कुजबुजली, "वेडा आहेस का? तो नको."

"मग तुझा दे."

"आणि मी कशी निघू?"

बघा, हा तिथला शेजारधर्म! लंबूनं तो कोट खुर्चीला अडकवला आणि जिना उतरला.

बाबा जागेच होते. त्यांनी त्याचा हात धरला. लंबूला रडू आवरेना.

अडीचला फोन वाजला. साहेब.

"करार मिळाला. छान केलायस."

लंबूनं तर एक ओळही लिहिली नव्हती.

"किती हाका मारल्या तुला... मान वर करशील की नाही?"

"सर... मी..."

"थांब. तू फोन कशानं धरलायस? तुझे दोन्ही हात तर टेबलावर दिसतायत..."

लंबूनं आपल्या हातांकडे पाहिलं. एकात फोन, दुसरा बाबांच्या हातात.

"ए... इकडे बघ."

पलीकडे खुर्ची करकरली.

"हां... वळतोय..."

मग काहीच नाही. फोन चालूच. साहेबांचा श्वास. मग खुर्चीच्या चाकांचा आवाज. हळूहळू... जवळ...

फोन कट.

लंबू जागचा हलला नाही. बाबांचा हात सोडला नाही. सकाळी त्यांना आत नेलं, तेव्हा तो दारापर्यंत शेजारून चालला. ऑपरेशन नीट पार पडलं, देवाची कृपा.

दुपारी तो राजीनामा द्यायच्या तयारीनं ऑफिसात गेला. करार खरंच त्याच्या कॉम्प्युटरवरून गेला होता. एक चूक नाही. खुर्ची मात्र टेबलाशी नव्हती. केबिनच्या काचेला टेकून होती, तोंड आतल्या बाजूला. कोट रिकामा. साहेब आत तसेच बसलेले, चेहरा पांढराफटक. लंबूला पाहून म्हणाले, "बाबा कसे आहेत?"

तेव्हापासून तिथे संध्याकाळनंतर कोणी थांबत नाही. साहेबच सगळ्यांना हाकलतात. कोणाच्या घरी आजारपण असलं, तर स्वतः गाडी देतात.

फक्त त्या काचेवर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर, वाफेचा एक डाग आहे. तळहाताएवढा. बाहेरून पुसला, आतून पुसला, शेवटी काच बदलली. तरी आहे. लंबू सांगतो, जवळ जाऊन नीट पाहिलं ना, तर तो डाग लहान होतो...

मग मोठा होतो...

मग पुन्हा लहान.