परक्या बाईचं नाव

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मेहरूण तलावाच्या काठावर शालिग्राम चौधरी एका बाईच्या पाटीवर वाकून हसत होते. मागे त्यांच्या पत्नी कुंदाबाई, घरी विसरलेली कानटोपी घेऊन उभ्या होत्या.

त्यांना फिरायला पाठवलं कुंदाबाईंनीच. शालिग्राम चौसष्ट वर्षांचे, अलीकडे विसरायला लागलेले. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी वार विचारला, साल विचारलं. सोमवार, १९९४; दोन्ही बरोबर. मग बायकोचं नाव. "सुकदेवची आई," ते म्हणाले. लग्नाच्या मांडवातल्या उखाण्यानंतर छत्तीस वर्षांत त्यांनी तिचं नाव घेतलंच नव्हतं. डॉक्टरांनी तिथे शून्य लिहिलं आणि सांगितलं, रोज चाला, मीठ-तूप कमी करा, तंबाखू सोडा, माणसांत बोला, नवं काही शिका.

कुंदाबाईंनी पापड बंद केले, तंबाखूची डबी फेकली. गुडघा दुखायचा म्हणून चालायला मात्र त्या गेल्या नाहीत. तिथे शालिग्रामना सुनंदाबाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या. त्या आता शालिग्रामना गुजराती बाराखडी शिकवत होत्या.

"सुनंदाबाई, उद्या पुढची ओळ," शालिग्राम म्हणाले, आणि वळले. "ही सुकदेवची आई."

कुंदाबाईंनी टोपी त्यांच्या कानांवर जरा जोरातच ओढली.

परतताना कुंदाबाईंनीच विषय काढला.

"तिचं नाव बरं जिभेवर बसलंय…"

"परक्या बाईला नावानंच हाक मारावी लागते."

"मग मलाही घडीभर परकी समजा. घ्या नाव."

शालिग्राम थांबले. लाजले की त्यांचे कान लाल होतात, हे कुंदाबाईंना मांडवापासून ठाऊक. पण कान टोपीत होते. लाजले… की आठवत होते?

"सोमवारी डॉक्टरांपुढे घेतो."

"माझ्यापुढे नाही?"

"तुझ्यापुढे अवघड जातं गं."

आज रविवार. डॉक्टरांची वेळ उद्या अकराची आहे. त्याआधी सहाला तलावावर दोघं जाणार आहेत. कुंदाबाईंनी चपला दाराशी काढून ठेवल्यात.

आत्ता न्हाणीतून शालिग्रामचा आवाज येतो आहे. मांडवातला तोच उखाणा.

"केळीच्या बागेला पाटाचं पाणी—"

पुढे नुसता तांब्याचा आवाज. मग पुन्हा पहिली ओळ. कुंदाबाई दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या आहेत. ही तिसरी वेळ.