नावांचा नाच

रत्नपाल आला होता पंखा दुरुस्त करायला. पण जवळा बाजारच्या वाचनालयात आमची नाचाची तालीम चालू होती, त्याच दुपारी आमच्यातल्या कुलदीपचा पाय मुरगळला होता, आणि पुढच्या रविवारच्या कार्यक्रमाला मला सहावा माणूस हवा होता. शिडीवरच्या त्या अनोळखी माणसाला मी विचारलं, "नाचता का?"

तो म्हणाला, "खाली उतरू का आधी?"

तेव्हाच ओळखायला हवं होतं… हा माणूस मला छळणार!

आमच्या नाचाला गाणं नव्हतं. प्रत्येकानं आपलं नाव घ्यायचं, अक्षरं सुटी करायची आणि एकेका अक्षराला अंगानं काहीतरी करायचं. कल्पना माझी, त्यामुळे फसलं तर हसंही माझंच होणार. शिलानं दोन अक्षरांत गिरकी घेऊन झोकात बसून दाखवलं. रत्नपालनं हवेत स्क्रू आवळला.

"हे काय?"

"माझं नाव. लोक मला यावरूनच वळखतात."

"चार अक्षरं हायेत त्यात!"

"मंग चारदा आवळला की."

सहा दिवस हेच चाललं. डावीकडे म्हटलं की हा उजवीकडे. ओरडले की गालाला खळी पाडून हसायचा, आणि मी मोजणी विसरायचे. शिरड शहापूरला घरी पोचले तरी डोक्यात त्याच्याशी भांडण चालूच.

घरी वेगळाच ताप होता. रविवारी कार्यक्रमाला वसमतची मंडळी मला बघायला येणार होती, आणि आई त्यांना पहिल्या रांगेत बसवणार होती. मुलगा चांगला, नोकरी चांगली. नाही म्हणायला माझ्याकडे कारणच नव्हतं.

शुक्रवारी मी सगळ्यांना दुसऱ्याचं नाव करायला सांगितलं. रत्नपालनं माझं घेतलं. ऐश्वर्या! आधी कपाळावर हात मारला. मग नसलेली ओढणी कमरेला करकचून बांधली. सगळे हसून लोळले, मी मात्र चांगलीच तापले. मग तो थांबला. हनुवटी किंचित वर, नजर त्याच्या रोजच्या कोपऱ्याकडे… क्षणभर तिथंच… आणि पटकन जमिनीवर.

"हे मी कधी करते?"

"काही बराबर जमलं की," तो हळूच म्हणाला. "पहिले माझ्याकडं बघतीस."

"व्हय की!" शिला म्हणाली. "रोजच बघतीस."

माझे कान गरम झाले. कारण ते खरं होतं, आणि माझ्याआधी सगळ्या हॉलला माहीत होतं. मी सगळ्यांना चहाला पिटाळलं. तो तेवढा राहिला.

"रविवारी पाहुणे येऊन राहिले, ठावं हाय ना तुला?" मी विचारलं.

"हाय. म्हणून तर आज केलं."

"तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"तू बोलू देतीस कुठं?"

त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याचा हातही धरावासा वाटला. मी हात धरला. पहिल्यांदाच तो शहाण्यासारखा मला हवा तिथं उभा राहिला. दुसऱ्या हातानं मी फोन लावला.

"आई, वसमतच्यांना कळव, येऊ नका म्हणावं."

"काहून गं?"

"मला एक जण आवडतो."

मग आईनं विचारलं, "काय करतं पोरगं?"

"सध्या तरी… माझं डोकं फिरवून राहिलंय."