काचेवरचा शेंदूर

आषाढातला पाऊस कोसळत होता आणि हेमांगीच्या गाडीची पुढची काच केशरी झाली होती.

रोज सकाळी मारुतीला नमस्कार करून ती काचेच्या कोपऱ्यात तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट लावायची. उन्हाळाभर ते शोभून दिसलं. आज वायपर सुरू केला मात्र... समोरचा रस्ताच नाहीसा! शहाद्याच्या अलीकडे जी पहिली पत्र्याची शेड दिसली, तिच्याखाली तिनं गाडी घातली.

शेड अमृतच्या गॅरेजची निघाली. त्यानं काच पाहिली, मग तिला पाहिलं.

"मॅडम, गाडी धुतली की अभिषेक केला?"

"हसू नका, भाऊ. रोजचा नेम आहे माझा."

तो हसायचा थांबला. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून त्यानं पिळलं आणि तिच्याच हातात दिलं. "मग तुम्हीच पुसा. माझे हात ग्रीसचे... देवाचं कसं पुसू?"

काच पुसताना हेमांगीला उगीचच वाटलं, हा माणूस घरी कसा बोलत असेल?

सोमवारी तिला मोलगीला हजर व्हायचं होतं, मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल म्हणून. चुकली तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. "घाट चढायचाय. गाडी पावसाजोगी करून द्या."

"उद्या, शुक्रवारी न्या," अमृत म्हणाला.

पण शुक्रवारी वायपरचं रबर यायचं होतं. शनिवारी मागचे टायर गुळगुळीत निघाले. त्यानं खाचेत काडी घालून दाखवली. "बघा, किती वर राहते! ओल्या घाटात हे धरतील?" ब्राह्मणपुरीहून ती रोज बसनं येई, बाकड्यावर बसे आणि विचारत राही. काचेवर आतून वाफ धरली तर? पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक लागेना तर? तो सगळं सांगे, हातवारे करून, चहा निवेपर्यंत. एवढ्याशा गाडीत इतकं दुखणं असतं? की दुखणं दुसरंच काही होतं? तिचं तिलाच हसू येई. 'भाऊ' मात्र पहिल्या दिवसानंतर तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

रविवारी दुपारी तो पुन्हा म्हणाला, "ब्रेक जरा..."

"काल तुम्हीच म्हणालात, ब्रेक झाले."

अमृतनं फडकं उचलून हात पुसायला घेतले. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"खरं सांगा. गाडी कधी तयार झाली?"

"शुक्रवारी सकाळी," तो खाली बघत म्हणाला. "टायर तेव्हाच बदलले होते. काल दाखवला तो जुना." घाबरला तशी शाळेतली मराठी गळून पडली आणि घरची अहिराणी तोंडात आली. "गुरुवारी संध्याकाळी तुमना अण्णा आठे गॅरेजवर एकलाच उनथात. म्हणे, पोर घाटमा एकली जाई, जीव लागस नही. सोमवार जाऊ दे, गाडी अडकाडी ठेव."

गॅरेजचा पत्ता हेमांगीनंच वडिलांना दिला होता. म्हणजे तो निवणारा चहा, ती काडी, ते हातवारे... सगळं अण्णांच्या सांगण्यावरून? रागापेक्षा लाजच जास्त वाटली.

"आणि तुम्ही ऐकलंत. तीन दिवस!"

"तीन नही," अमृत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पहिला दिन अण्णास्ना. बाकीना दोन मन्हा."

ती बाकड्यावरून उठली.

"तुम्ही उद्या वर गयात, का मंग बाकडावर कोन बसी? पण तुमनी नोकरी बुडाडीसन नही ठेवता येत माले." त्यानं किल्ली पुढे केली. "पहाटे निघा. दिवे चालू ठेवा. उतारावर दुसरा गिअर. डिकीत दोर, फळी, टॉर्च... सगळं शे."

तिनं किल्ली घेतली. गाडी सुरू केली. गेटपर्यंत नेली. थांबवली. मग वाकून डावीकडचं दार आतून उघडलं.

"बसा."

"कुठे?"

"ब्राह्मणपुरीला. गाडी घाट चढेल, हे अण्णांना तुमच्या तोंडून ऐकायचंय."

तो ओल्या पायांनी दारापाशी घुटमळला. "आन् ते बाकीना दोन दिन? त्यास्नाबद्दल काय सांगू?"

हेमांगीनं नजर रस्त्यावरच ठेवली.

"ते... मी सांगीन."