वटवाघळांसाठी कॉम्प्युटर

किमतीची चिठ्ठी चिकटवायला त्याने ग्राफिक्स कार्डाचा खोका उचलला, तेवढ्यात काउंटरच्या पलीकडून तिनेही तो धरला. वापरलेल्या मालाच्या फळीवर तो एकुलता एक होता. दोघंही सोडेनात.

"मी इथेच कामाला आहे," तो म्हणाला. "घेऊन पळणार नाही."

"मी गिऱ्हाईक आहे. मी पळू शकते."

दुकानाची मालकीण, म्हणजे त्याची आत्या, चष्म्यावरून बघत म्हणाली, "अरे, दे तिला. तिच्या हातात यादी आहे. तुझ्या हातात नुसत्या चिठ्ठ्या."

ती वटवाघळांच्या आवाजांवर संशोधन करत होती. चारशे तासांच्या रेकॉर्डिंगमधून एकेक जात वेगळी काढून निष्कर्ष शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचे होते. तरच तीन वर्षांची शिष्यवृत्ती, नाहीतर काम तिथेच बंद. विद्यापीठाच्या मोठ्या मशीनला दीड महिन्याची रांग होती. म्हणून तिने स्कूटर विकली होती, आणि स्कूटरचे आले तेवढंच तिचं बजेट होतं.

त्याने यादी वाचली. "काचेचं कॅबिनेट? रंगीत दिवे?"

"ते भावाने घुसडलं. त्याला वाटतंय, गेम तोच खेळणार."

"मग भावाला अंधारात ठेवू. दिव्यांचे पैसे रॅममध्ये घातले, की बत्तीसची चौसष्ट जीबी होते."

"पॉवर सप्लाय हलका घेतला तर?"

"तिथे चिक्कूपणा नको. सगळं घर त्याच्या जिवावर चालतं."

तिने आकडे पुन्हा मांडले. बरोबर बसत होते. "आणि जोडणीचे?"

"ते... वटवाघळं ऐकवलीत की फिटले."

मग तो आतल्या टेबलावर कॉम्प्युटर जोडत असताना तिने इअरफोनची एक बाजू त्याला दिली. दहापट मंद केलेला आवाज टपटप उतरत होता.

"काय म्हणतंय ते?"

"समोर काय आहे, असं विचारतंय."

"मग कळतं त्याला?"

"आवाज परत आला, तर..."

त्याने मान वर केली. ती त्याच्या कोपराकडे बघत होती. तिथे सकाळची एक किमतीची चिठ्ठी चिकटली होती. "फारच स्वस्तात काढलंय तुम्हाला," ती म्हणाली आणि हसली. मोकळं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

बुधवारी घरी कॉम्प्युटर सुरू झाला आणि चार मिनिटांत बंद पडला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिने दर पाच सेकंदांनी प्रोसेसरचं तापमान लिहून घेतलं आणि मग त्याला फोन लावला.

"मी दोनदा तपासलंय सगळं," तो जरा दुखावून म्हणाला.

"पंखा फिरतोय, तरी दीड मिनिटात पंच्याण्णव अंश. उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. मध्ये काहीतरी आहे. मी उघडते."

चार स्क्रू निघाले. कूलरच्या तळाला पारदर्शक पट्टी तशीच होती. 'बसवण्याआधी काढा', असं तिच्यावर छापलेलंही होतं. तिने ते वाचून दाखवलं.

"सात वर्षांत एकदाही..." तो पुटपुटला. "उष्णता वाहून नेणारी पेस्ट नव्याने लावावी लागेल. आलोच."

तो धापा टाकत आला. मटारएवढी पेस्ट, कूलर, चार स्क्रू. तापमान चढलं, रेंगाळलं आणि बासष्टवर थांबलं. दोघं आकड्याकडे बघत राहिले, पाळण्यातलं मूल झोपलं की बघावं तसे.

शुक्रवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी निष्कर्ष गेले. अकराव्या दिवशी ती दुकानात आली आणि तिने शिष्यवृत्तीचं पत्र काउंटरवर ठेवलं. शेजारी ती पट्टी.

"निकाल मिळाला," ती म्हणाली. "पण चुकीमागचं कारण नोंदवायचं राहिलंय. पट्टी का राहिली?"

त्याने एका केबलला उगाच पीळ घातला. "तुम्ही हसलात ना... तेव्हा कूलर हातात होता."

"नीट सांग की," आत्या म्हणाली. "अकरा दिवस दारावर डोळे लावून बसलायस ते. परवा प्रिंटर न्यायला आलेल्याला स्कॅनर दिलास."

त्याचे कान लाल झाले. "आवडता तुम्ही मला," तो म्हणाला. "फार."

तिने पट्टी उचलून वहीत जपून ठेवली. "एकदा घडलेलं आम्ही धरत नाही. प्रयोग पुन्हा करून बघायला हवा."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याबरोबर चालत घरापर्यंत यायचं. स्कूटर नाहीये माझ्याकडे. वाटेत मी हसेन. तुम्ही काय विसरता ते बघू."

वळणावर ती हसली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग तिने खाली बोट दाखवलं: त्याच्या एका पायात त्याची चप्पल होती, दुसऱ्या पायात आत्याची.

"सिद्ध झालं," ती म्हणाली आणि त्याचा हात धरला.