देहसाक्षी

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर चार हजार बायकांच्या रेषा सरकत होत्या आणि त्यांतली सर्वांत सरळ रेषा कुंदा घोसाळकरची होती. तीन वर्षांत ती एकदाही इशाऱ्याची तांबडी झाली नव्हती. डॉ. वारुणी शेजवलकर पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवायची. आणि आज त्याच कुंदाने अक्षरफळ्यावर थरथरतं बोट ठेवत सांगितलं होतं, की भाऊ रोज मारतो.

कुंदाला वाचा नव्हती, हातपाय धड ताब्यात नव्हते. अशा बाईचं कोर्टात कोण ऐकतं? म्हणून तर वारुणीने देहसाक्षी बनवला होता. मानेच्या कातडीखाली बसवायचा तांदळाएवढा कण, नाडी, स्नायूंचा ताण आणि रक्तातली रसायनं टिपणारा. जबानी आणि देहसाक्षी यांत फरक पडला तर देहसाक्षी खरा, असं कलम कायद्यात घालून घ्यायला तिने सहा वर्षं मंत्रालयाचे उंबरे झिजवले होते.

यंत्र बिघडलंय का, असं तिने इरफान मुजावरला विचारलं. गणिताची बाजू त्याची.

"नाही, मॅडम. कुणाचंही शरीर दुसऱ्याच्या मापाने मोजायचं नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात ना? म्हणून पहिले नव्वद दिवस आपण त्या बाईचं नेहमीचं टिपतो. त्याहून वेगळं काही झालं की इशारा." तो घुटमळला. "त्या नव्वद दिवसांतही कुंदा मारच खात असणार."

अभ्यासाचं निमित्त सांगून वारुणीने कुंदाला त्याच दिवशी स्वतःच्या घरी आणलं. कुंदा पोटभर जेवली, टीव्हीवरच्या कुठल्याशा विनोदाला खदखदून हसली, दुपारी उन्हात गाढ झोपली. तिसऱ्या दिवशी तिची रेषा तांबडी झाली.

इशारा मिळताच चौकशीला आलेल्या पाटोळेबाई जुन्या, समजूतदार अधिकारी होत्या. त्यांनी कुंदाला नीट पाहिलं, चहाही घेतला.

"मला दिसतंय हो, पोर खुशीत आहे. पण कलम तुमचंच आहे, मॅडम. उद्या दहापर्यंत इशारा थांबला नाही, तर तिला भावाच्या घरी पोचवावं लागेल."

नवं माप घ्यायचं तर पुन्हा नव्वद दिवस हवेत आणि यंत्रात हात घालणं हा गुन्हा. तोही वारुणीनेच सुचवलेला. ती डोकं धरून बसली.

कुंदाने सगळं ऐकलं होतं. तिने अक्षरफळा मागितला.

"ताई, तू मार."

बोट चुकून पडलं असेल, असं वारुणीला वाटलं. कुंदा एकेक अक्षर शोधत राहिली.

"रोज थोडं. मग मला इथे राहता येईल."

वारुणीने मनातल्या मनात गणित करून पाहिलं. ते अगदी बरोबर होतं. कुंदाने डोळे मिटून गाल पुढे केला, सवयीने. वारुणीचा हात उठेना, आणि उठत नाही याचीच तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

सकाळी दहा वाजता भाऊ गाडी घेऊन आला.