मागचा सिलिंडर

"मिस्त्री आहेत का?"

"बोला ना, मीच."

बाई मिस्त्री बघून तो क्षणभर गोंधळला. मला अशा गोंधळाची सवय होती; पण असा मनमोकळा ओशाळणारा मात्र पहिलाच. जमीनमोजणी खात्यातला होता, उन्हानं रापलेला.

"सिग्नलला थांबलो की इंजिन लंगडतं. निघालो की पुन्हा ठणठणीत."

दोन सिलिंडरची जड मोटरसायकल. मी ती जागच्या जागी तापू दिली. पंखा फिरू लागला, जरा वेळानं आवाज बदलला.

"बघा, लंगडली!"

"लंगडली नाही, शहाण्यासारखी वागली. उभ्या गाडीला वारा लागत नाही ना! ताप फार वाढला, की सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. मग मागच्या सिलिंडरला पेट्रोल फवारणंच बंद. तो नुसती हवा आत घेतो, बाहेर सोडतो... आणि निवतो. तोवर पुढचा एकटा गाडं ओढतो."

"माणसांत असा कॉम्प्युटर बसवता येईल?"

"कशाला? तुम्ही फार तापता?"

"आता तापलोय," तो हसला, "पण उन्हानं नाही."

मी उगाच स्क्रू शोधू लागले.

"बरं झालं, बिघाड नाही. परवा बदलीच्या गावी हजर व्हायचंय. गाडीनंच जाईन म्हणतो, चार तासांचा रस्ता आहे."

परवा...

"ठेवून जा," मी बोलून गेले. "पंख्याचा स्विच बघायला हवा."

स्विच उत्तम होता.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी म्हटलं, नवा स्विच मागवलाय. तो तासभर स्टुलावर बसून राहिला. बांधावरून भांडणाऱ्या भावांच्या नकला करत होता. मी हसत होते आणि आतून नुसती जळत होते. चेन उलटी बसवली. चहा सांडला. एकाच नटाला तीनदा पाना लावला.

तो गेल्यावर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, विचारलं, "पोरी, त्या गाडीला काय झालंय?"

"काही नाही."

"मग तुला काय झालंय?"

मी पाना पुसत बसले.

"तुझं तू बघ. पण गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं नाही. आपण कधी सांगितलेलं नाही."

सकाळी तो येताच मी चावी पुढे केली. "गाडीला काही झालेलं नव्हतं. मी खोटं बोलले. तुम्ही जाणार म्हणालात, आणि... मला सुचेना."

तो हसला नाही. "मी वरिष्ठांना फोन करून एक दिवस मागून घेतला. गाडी नाही म्हणून."

"माफ करा."

"खरं तर पहाटेची बस होती." तो चावीकडे बघत राहिला. "मी तिकीटच काढलं नाही."

अप्पांनी आतून हेल्मेट आणून माझ्या हातात दिलं. "गाडी तपासून दे. नाक्यापर्यंत जा, येताना बसनं ये."

गर्दीतून आम्ही हळूहळू निघालो. इंजिनाची धग पोटऱ्यांना लागत होती.

"चटका बसतोय का?" त्यानं विचारलं.

"बसू दे."

नाक्यावर मी उतरले. दोघांनाही हात कुठे ठेवावेत कळेना.

"पहिल्या रविवारी येतो. ब्रेक दाखवायला."

"ब्रेक चांगले आहेत."

"मग... क्लच?"

"गाडीचं निमित्त नको," मी म्हणाले. "मला भेटायला ये."

'ये' म्हणाले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याच्या आधीच आलं होतं.

माझी बस आली. त्यानं गाडी सुरू केली नव्हती; मीही बसला हात केला नाही. दुसरीही तशीच गेली.